उड्याची सीट, नांगरची सीट

माझ्या सुनेने गेल्या दोन महिन्यांत मला एकही प्रश्न विचारलेला नाही. भांडली असती तर मला चाललं असतं. भांडणात मी आजवर कुणाला हार गेलेली नाही, आणि भांडून झालं की माणसं जेवायला तरी एकत्र बसतात. ही भांडतच नाही. सकाळी वेळेवर दुकानात उतरते, शटर उघडते, दोन्ही मशिनींना तेल घालते, माझा चहा माझ्या हाताशी आणून ठेवते आणि कापायला घेते. पूर्वी कापड टेबलावर पसरलं की कात्री लावायच्या आधी मान वर करायची. "आई, असं घेऊ का?" सहा वर्षं हेच. मीच वैतागून म्हणायचे, "अगं, किती विचारशील? डोळे काय गहाण टाकलेस?" आता ती मान वर करत नाही. सरळ कापते. आणि बरोबर कापते, हे आणखी झोंबतं.

थोरल्याकडे तक्रार केली. थोरला म्हणजे माझा मोठा मुलगा, तिचा नवरा. आमच्या दुकानाला लागूनच त्याची शेड आहे, तिथे तो गाड्यांचे शॉकअप उघडून बसलेला असतो.

"तुझी बायको माझ्याशी बोलत नाही."

"सकाळी तर बोलली. चहा घ्या म्हणाली."

"चहा घ्या हे काय बोलणं झालं? हॉटेलातला वेटर पण म्हणतो."

"मग काय म्हणायला हवं तिने?"

उत्तर होतं, पण ते त्याला देण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहिते. मी चार इयत्ता शिकलेली बाई, शब्द पुढेमागे झाले तर होऊ देत.

आमचं दुकान सीट शिवायचं आहे. साध्या मोटरसायकलींच्या नाही, मोटोक्रॉसच्या. मातीत, चिखलात, वाळूत ज्या गाड्या उड्या मारत पळतात त्यांच्या. ती सीट लांबट आणि अरुंद असते, माणसाला आरामात बसायला केलेलीच नसते. आत फोम, वर खरखरीत कापड, आणि घसरू नये म्हणून आडव्या शिवलेल्या पट्ट्या. नवरा गेला तेव्हा मशीन एक होती, आता तीन आहेत. तिसरी कुणी चालवायला नाही म्हणून झाकून ठेवली आहे.

पण माझं नाव शिवण्यावरून झालेलं नाही. नाव झालं ते वाचण्यावरून. वापरलेली सीट माझ्यासमोर ठेवा. चालवणारा वळणावर किती पुढे सरकतो, कुठल्या गुडघ्याने गाडी धरतो, दमल्यावर काय करतो, सगळं मी सांगते. जादू नाही त्यात काही. उभं राहून चालवणाऱ्याची पँट सीटला येताजाता घासते, तेव्हा कापडाची लव एका बाजूला झुकते. बसणाऱ्याच्या वजनाने लव खाली दबते, चपटी होते, चकाकते. घासलेलं आणि दबलेलं, दोन्ही लांबून सारखंच दिसतं. बोट फिरवलं की कळतं. सुनेला हे मी शिकवलं. डोळ्यांवर रुमाल बांधून शिकवलं. पहिलं वर्षभर दर दुसरी सीट चुकायची. मग चुकायची थांबली.

आता आमच्या घरातली लढाई सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा धाकटा मुलगा गाडी चालवतो. त्याला सगळे उड्या म्हणतात. लहानपणी जिना उतरायचाच नाही, वरूनच उडी टाकायचा. सुनेचा भाऊही चालवतो. त्याला म्हणतात नांगर. वाळूत त्याची गाडी गेली की मागे सरळ चर पडतो, म्हणून. उड्या चोविसाचा, नांगर एकोणतिसाचा. उड्या दोन वर्षं अमेरिकेत शिकून आला, नांगर दोन वर्षं युरोपात.

म्हणजे जेवणाच्या टेबलावर रोज अमेरिका आणि युरोप. थोरला अमेरिकेच्या बाजूने, सून युरोपच्या. मी भाजी वाढत मधोमध.

"अमेरिकेतली पोरं उडी मारतात तेव्हा गाडी त्यांच्या अंगाचा भाग असल्यासारखी वाटते," थोरला म्हणायचा. "भरलेलं स्टेडियम, एकामागे एक तीन तीन उंचवटे, एका दमात पार. छाती लागते त्याला."

"वीसच मिनिटं लागतात त्याला," सून म्हणायची. "स्टेडियममध्ये माती ट्रकने आणून चाळून टाकतात. भावोजींनीच सांगितलं. युरोपात आहे त्या जमिनीवर चालवायचं. पाऊस असेल तर पावसात."

"वहिनी, उन्हाळ्यात तिथेही बाहेर होतात शर्यती," उड्या म्हणायचा. "अर्धा तास आणि वर दोन फेऱ्या. सेम टू सेम."

"मग युरोपातले चांगले चांगले अमेरिकेला का जातात?" थोरल्याचा हा हुकमाचा पत्ता होता.

"पैशाला जातात. आणि तिथे जाऊन जिंकतात. शिकलेले कुठे असतात मग?"

यावर थोरला आणखी भाजी मागायचा.

माझं म्हणाल तर मी आधी युरोपची होते. नवरा वाळूतल्या शर्यती बघायचा, त्याच्याबरोबर बघून बघून मलाही ती चिवट माणसं आवडायला लागली होती. कसला दिखावा नाही, मान खाली घालून अर्धा तास राबतात. उड्याला हे मी दहादा बोलून दाखवलं होतं. मग त्याला अमेरिकेतल्या शिबिरात जागा मिळाली, आणि मी एका संध्याकाळात अमेरिकेची झाले. सून हसून म्हणाली होती, "आई, सामान बांधायला तरी वेळ घ्यायचा." तेव्हा आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा ती असं काहीबाही बोलायची माझ्याशी.

दरवर्षी देशादेशांची शर्यत होते. एका देशाचे तीन जण. आपल्या दोन जागा ठरलेल्या होत्या. तिसरी उड्याला द्यायची की नांगरला, यावर निवड समितीत दोन तट पडले होते. यंदाची शर्यत वाळूत होती. नांगर पुढच्या वर्षी तीस पूर्ण करणार होता. एका खाणीवर तो खोदयंत्र चालवतो, सुट्ट्या साठवून साठवून सराव करतो. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. उड्यासमोर अजून पाच सहा वर्षं होती.

शेवटी निवड मास्तरांच्या हातात आली. मास्तर म्हणजे संघाचे प्रशिक्षक, शाळेत कधी शिकवलं नाही पण सगळे मास्तरच म्हणतात. त्यांनी दोघांना वाळूच्या ट्रॅकवर एकसारख्या गाड्यांवर पळवलं. पूर्ण अर्धा तास आणि दोन फेऱ्या. वेळ जवळजवळ सारखीच आली. मग मास्तरांनी त्यांच्या मते मोठी हुशारी केली. आधीच माझ्याकडून दोन कोऱ्या सीटा शिवून नेल्या होत्या, एका थानातल्या, एका मापाच्या, ना नंबर ना नाव. पळून झाल्यावर दोन्ही उतरवल्या, पोत्यात घातल्या आणि घेऊन आले.

"काकू, घड्याळाने हात टेकले," ते म्हणाले. "कुठली कुणाची ते मी सांगणार नाही. तुमच्या घरातले दोघं आहेत, तेव्हा तुम्हाला कळायलाच नको. शेवटची दहा मिनिटं कोण उभा राहिला आणि कोण बसला, एवढंच सांगा. वाळूत जो बसतो तो संपतो."

दुपारची वेळ होती. सून टेबलाच्या पलीकडे पट्ट्या कापत होती. मी चष्मा लावला आणि पहिली सीट जवळ ओढली.

मास्तर हुशार माणूस आहे, पण कुणासमोर काय ठेवतोय याचा त्याने विचार केला नाही. जी बाई सीट वाचते तिला नाव कशाला लागतं? उड्याने सात वर्षांचा असताना गॅलरीवरून पडून डावा गुडघा मोडून घेतला होता. तेव्हापासून तो डाव्या पायाने गाडी जास्त आवळतो. सीटची डावी बाजू उजवीपेक्षा दुप्पट काळी होते. त्याच्या पंचवीसेक सीटा मी शिवल्या आहेत. पहिल्या नजरेतच कळलं, ही माझ्या पोराची.

मग बोट फिरवलं. मधल्या भागात लव दबलेली. हातभर लांब. पट्ट्यांच्या शिवणीत वाळू आत ठोकल्यासारखी बसलेली. पोर बसलं होतं. नुसतं टेकलं नव्हतं, चांगलं बसलं होतं, आणि बराच वेळ.

दुसरी सीट घेतली. दोन्ही बाजू सारख्या काळ्या, गुडघ्यांनी धरून धरून. मधली लव उभीच्या उभी, जशी माझ्या मशिनीवरून गेली होती तशी. मागच्या टोकाला एक पट्टा मळलेला. अंग मागे टाकून उभा राहिला की पँट तिथे घासते. फक्त घासलेलं होतं. नांगर अर्धा तास आणि दोन फेऱ्या उभा होता.

बोट उचलेपर्यंत मी काय विचार केला हे खरं सांगायचं तर मी विचार केलाच नाही. उड्या अमेरिकेहून आला तेव्हा मी सगळ्या बाजारात सांगितलं होतं. कापडवाल्याला सांगितलं होतं, फोमवाल्याला सांगितलं होतं. माझं तोंड माझ्या आधी बोलायला लागलं.

"ही बघा मास्तर," मी म्हणाले आणि उड्याची सीट त्यांच्याकडे सरकवली. "मध्ये चकाकी दिसते ना? ती दमण्याची नाही. ती अमेरिकेची विद्या आहे. उंचवटा चढताना क्षणभर दाणकन बसायचं, स्प्रिंग दाबायची, की गाडी वर फेकली जाते. मुद्दाम बसतात ते. हा गडी ताजा होता."

"आणि ही?"

"ही बाजूंनी काळी झाली. म्हणजे पायांनी गाडीला घट्ट धरून लटकत होता. मागच्या टोकाला बघा. शेवटी शेवटी इथे टेकला."

"टेकला?"

"टेकला."

तेव्हा सूनबाईने कात्री खाली ठेवली. टेबलाला वळसा घालून आली, दोन्ही सीटांवरून एक एक बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "आई, हे मधलं दबलेलं नाही का? आणि त्या ट्रॅकवर तसे उंचवटे तीनच आहेत."

तिचा आवाज नेहमीचाच होता. कापड पसरून विचारायची तसाच. तिला वाटलं असेल, माझी नजर चुकली. सासूची चूक परक्यासमोर झाकून दाखवायची म्हणून ती प्रश्न करून विचारत होती. आणि मी काय म्हणाले, ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

मी म्हणाले, "तू मध्ये पडू नकोस. भावाची सीट कुठली ते हुडकायला आलीस, मला काय कळत नाही?"

मास्तर ओशाळले. खाकरले. सून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर मी ते उमटताना पाहिलं. आधी तिला वाटलं होतं मी चुकले. आता तिला कळलं की मी चुकलेली नाही. परत गेली, कात्री उचलली. तो तिचा शेवटचा प्रश्न.

तिसरी जागा उड्याला मिळाली.

पाच आठवड्यांनी शर्यत झाली, ती आम्ही दुकानातच लॅपटॉपवर बघितली. सगळे होतो. नांगरही आला होता, कामावरून थेट, बुटांना खाणीची धूळ. येताना केळी घेऊन आला होता. पहिली दहा मिनिटं उड्या चौदावा होता आणि थोरला स्टूलवर उभा राहून ओरडत होता. मग वाळूत चर पडायला लागले. लाटा उठाव्यात तशी ती वाळू होते, प्रत्येक फेरीला खोल. विसाव्या मिनिटाला कॅमेरा त्याच्यावर आला आणि तो बसलेला दिसला. खांदे पडलेले, कोपरं आत गेलेली. एक एक करून सगळे त्याला मागे टाकून जात होते.

"उभा राहा," नांगर पडद्याला म्हणाला. "ऊठ रे, पुढचं चाक रुतेल." अगदी मनापासून म्हणत होता, हात पुढे करून, जणू त्याला उठवणार होता.

चाळीस जणांत उड्या तेहेतिसावा आला. संघ गेल्या वर्षीपेक्षा पाच जागा खाली गेला. सून उठली आणि चहा टाकायला गेली. मी पडद्याकडे बघत बसले, तो बंद झाल्यानंतरही.

त्यानंतरचे तीन आठवडे हे असे. मी बाहेर लोकांना सांगत होते, पोराला ताप होता. ताप वगैरे काही नव्हता. सुनेने नवऱ्याला काही सांगितलेलं नव्हतं, भावालाही नाही. सांगून काय झालं असतं? मास्तरांनी म्हटलं असतं, बहीण आहे, बोलणारच. तो आरोप तर मी आधीच करून ठेवला होता. तिला बोलायची जागाच मी ठेवली नव्हती, आणि वर थोरल्याकडे जाऊन तक्रार करत होते की ती बोलत नाही.

कुणी सीट वाचायला आणली की ती म्हणायची, "त्या आहेत, त्यांना विचारा," आणि मागे फोम कापायला निघून जायची. मी वाचायचे. बरोबरच वाचायचे. पण बोट कापडावर ठेवलं की मला तिच्या कात्रीचा आवाज थांबल्यासारखा वाटायचा.

काल शनिवारी सकाळी नांगर आला. गाडी थोरल्याच्या शेडमध्ये लावली आणि सीट काढून माझ्याकडे घेऊन आला.

"मावशी, कव्हर बदलायचंय. साधंच घाला, कुठलंही."

"साधं का? तुझा तो खरखरीत प्रकार संपलाय का?"

"माझ्यासाठी नाही. गाडी विकतोय. उद्या दुपारी एक जण घ्यायला येणार आहे. माणूस हलका आहे, म्हणून दाजी स्प्रिंगपण मऊ टाकून देतायत."

मागे कात्री थांबली. या वेळी खरंच थांबली.

"विकतोस?" मी म्हणाले. "एकदा जागा हुकली म्हणून कुणी गाडी विकतं का? बायकांसारखा रुसलास होय?"

तो हसला. साधा माणूस आहे, टोमणा त्याला लागत नाही, वरून निघून जातो. स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

"रुसलो नाही मावशी. उलट तुमचे उपकार मानायचे होते, तेच राहून गेलं. मास्तरांनी सांगितलं मला, शेवटची दहा मिनिटं मी टेकलो असं तुम्ही वाचलंत. मला तर वाटत होतं मी उभा होतो. अगदी शपथेवर सांगितलं असतं. घरी गेल्यावर विचार केला, मावशी खोटं कशाला बोलतील, त्यांचा तर मी पाहुणा. म्हणजे मलाच कळलं नाही मी कधी बसलो. मग रोज पहाटे पायांचे व्यायाम लावले, तीनशे बैठका. गेल्या रविवारी परत पळालो. परत वाटलं उभाच होतो." तो स्वतःच्या मांड्यांकडे बघत बोलत होता, दुसऱ्याच्या असाव्यात तशा. "आता माझा माझ्यावरच भरवसा नाही. आपलं अंग आपल्याला खोटं सांगायला लागलं तर वेगात जाऊ नये. एखाद्याच्या अंगावर जायचो. त्यापेक्षा बंद करतो. अमेरिकेवाल्यांचं बरं, तरुणपणीच सगळं करून मोकळे होतात. आमचं युरोपवाल्यांचं घोडं उशिरापर्यंत पळतं असं मला वाटायचं. तसं काही नसतं."

मी त्याला काय उत्तर दिलं? मी म्हणाले, "कव्हर दुपारपर्यंत होईल."

तो उठून शेडमध्ये गेला. मी त्याची सीट मांडीवर घेऊन बसले. बोट फिरवायची हिंमत होईना, तरी फिरवलं. गेल्या रविवारची सीट ही. मधली लव उभी होती.

आयुष्यात मी पुष्कळांना बोलले आहे. जावांना, व्याह्यांना, कापडवाल्याला, डॉक्टरला. कुणाचं वाईट वाटलं तर मी म्हणायचे, खरं तेच बोलले, खरं लागतंच. माझ्या जिभेला धार होती पण तिला कुणी खोटी म्हणू शकत नव्हतं, हा माझा दागिना होता. आणि या माणसाने माझ्या एका शब्दावर स्वतःचे पाय खोटे ठरवले होते. त्याने वाद घातला नाही, मास्तरांकडे दाद मागितली नाही. पहाटे उठून बैठका काढल्या.

मी त्या दोन सीटा शोधायला मागच्या खोलीत गेले. उसवून फोम परत वापरायला म्हणून त्या तेव्हाच सुनेकडे दिल्या होत्या. मला वाटलं उसवल्या असतील. फळीवर अगदी वरती, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोन्ही जशाच्या तशा होत्या. कुणाच्या बोटाने लव मोडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातलेला. दोन महिने तिने त्या जपल्या होत्या आणि कुणाला दाखवल्या नव्हत्या. कुणाची वाट बघत होती ते मला तिथे फळीसमोर स्टूलवर चढलेली असताना कळलं, आणि मला उतरावंसं वाटेना.

उतरले. दोन्ही काखेत घेतल्या आणि शेडमध्ये गेले. थोरला गाडीखाली होता, नांगर त्याला पाने देत होता, उड्या दाराशी टायर धूत होता. बरं झालं, तिघं एका जागी होते. एकेकाला सांगायची ताकद माझ्यात नव्हती.

"थोरल्या, बाहेर ये. आणि मास्तरांना फोन लाव, मोठ्या आवाजावर."

"आत्ता? आई, हात काळे आहेत."

"काळ्या हाताने लाव."

मास्तर फोनवर आले. मी दोन्ही सीटा कामाच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. फार काही नाही. ही उड्याची, मला पहिल्या नजरेत कळलं होतं, डाव्या गुडघ्यावरून. हा बसला होता. ही नांगरची. हा शेवटपर्यंत उभा होता. मी उलटं सांगितलं. जाणूनबुजून सांगितलं. ताप नव्हता कुणाला.

मग मास्तर म्हणाले, "म्हणजे काकू, वाळूला युरोपचाच माणूस खरा, असं म्हणायचं."

"युरोप आणि अमेरिका दोन्ही चुलीत घाला," मी म्हणाले. "माझं पोर दमलं होतं आणि मी खोटं बोलले. तुमच्या कागदात तेवढंच लिहा."

थोरला पान्याकडे बघत होता. उड्याने पाण्याचा नळ बंद केला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी बसलो होतो ते. पंधराव्या मिनिटापासून. मला वाटलं तू वाचताना चुकलीस. मी काही बोललो नाही, कारण मला जायचं होतं." मग टायर भिंतीला टेकवून म्हणाला, "आणि तू पण चुकू शकतेस, याचं मला बरं वाटलं होतं, आई. आता ते पण नाही."

त्याच्यावर मी हात उगारू शकले असते तर सोपं झालं असतं. पण तो नीटच बोलला होता.

नांगर टेबलापाशी आला. आपल्या सीटवर तळहात ठेवला. मी शिकवलेली माणसं बोट फिरवतात तसा नाही, गाडीवर ठेवतात तसा.

"म्हणजे मी उभा होतो," तो म्हणाला.

"होतास."

"शेवटपर्यंत?"

"दोन फेऱ्यांसकट."

तो मला बोलेल असं मला वाटत होतं, आणि बोलावं असंही वाटत होतं. त्याने दोनदा मान हलवली, मग माझ्याकडे पाठ करून थोरल्याला म्हणाला, "दाजी, ती मऊ स्प्रिंग राहू द्या. माझी जुनीच बसवा." आणि परत पाने द्यायला वाकला. त्याची यंदाची जागा गेली ती गेली. तिशी तर येणारच आहे. मी हे सगळं तीन आठवडे आधी बोलले असते तरी शर्यत परत होणार नव्हती, पण तीनशे बैठका रोज, त्या तरी वाचल्या असत्या.

शेड आणि दुकान यांच्यामधलं दार उघडंच असतं. सुनेने सगळं ऐकलं होतं. मी परत आले तेव्हा ती टेबलाशी उभी होती. समोर कापड पसरलेलं, कात्री हातात. रडलेली वगैरे नव्हती. ती माझ्यासमोर कधी रडत नाही, तेही मीच शिकवलं असणार.

मी माझ्या खुर्चीत बसले नाही. टेबलाच्या अलीकडे, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभी राहिले.

"तू मला विचारायचं बंद केलंस, ते बरोबर केलंस," मी तिला म्हणाले. "परक्याची सीट असली तर विचार, मी अजूनही चुकणार नाही. घरातल्या कुणाची असली तर विचारू नकोस. मी परत खोटं बोलेन, आणि परत तुझ्यावरच ढकलेन. अशी बाई आहे मी, हे तू आता ओळखून राहा."